जिनिंगच्या मैदानाचा मालक

कापसाचे वाईट दिवस आले आणि आमचा फुटबॉल सुधारला. हे वाक्य कुणाला लागेल, पण खोटं नाही. पांढरकवड्यात आमच्या मोहल्ल्याला लागून एक जिनिंग होतं, कापसातून सरकी काढायचा कारखाना. दिवाळी झाली की त्याच्या आवारात कापसाच्या गंज्या लागत, बैलबंड्यांची आणि ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत येई, आणि आमचा बॉल होळीपर्यंत कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन पडे. पुढे कापसाचं सगळंच बिघडलं. जिनिंगवाल्या शेटनं एकदोन हंगाम कसेबसे रेटले आणि मशीन बंद केली ती केलीच. आवारात एक चौकीदार तेवढा उरला, आणि तो आमच्या टीमचा जुना बॅक होता. मग काय, बारा महिने मैदान आमचं. घरोघर उतरलेली तोंडं आणि मैदानात मात्र गोलावर गोल, असा तो काळ होता.

माझा धंदा माइकचा. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, वायरींचं एक भेंडोळं आणि माझा आवाज, एवढ्या भांडवलावर मी लग्नं, बारशी, उरूस आणि चौदा एप्रिलची मिरवणूक सांभाळत असे. मॅच असली की कॉमेंटरीही मीच करायचो, फुकट. माझ्या कॉमेंटरीत खेळ कमी आणि टोमणे जास्त असतात, अशी तक्रार होती. ती बरोबर होती. आमच्या फॉरवर्डनं मोकळ्या गोलवरून बॉल बाहेर मारला, तर माणसानं काय भजन म्हणावं?

आता मालकाबद्दल सांगतो. जिनिंगच्या भिंतीला लागूनच त्याचं घर. बाप लवकर गेला, आई आणि तो दोघंच. आम्ही सगळे तिला खाला म्हणायचो. पोरगा कूलर-एसी दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात डाव्या पायानं बॉल मारायचा. तसा बॉल आमच्याकडे दुसऱ्या कुणाला जमला नाही. खालून फिरत निघायचा, कडुलिंबाच्या शेंड्याची विचारपूस करायचा आणि बरोबर मैदानाच्या मध्यात उतरायचा. गोल त्यातून क्वचितच व्हायचा, पण पाहायला लोक यायचे. मग तो एसी दुरुस्त करायला दुबईला गेला. तिथं भागीदारीत स्वतःची छोटी कंपनी काढली, आणि एका सुटीत आला तो थैलाभर जर्स्या घेऊन. छातीवर त्याच्या कंपनीचं नाव, इंग्रजीत. सव्वीस जानेवारीची टूर्नामेंटही त्यानंच सुरू केली. आम्ही त्याला चिडवायला मालक म्हणायला लागलो, आणि ते नाव चिकटलं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतली पोरं एकदा खेळायला आली, तेव्हा जर्सी चाचपून त्यांनी विचारलं की तुमचा मालक कोणत्या गावचा. आम्ही म्हटलं, फॉरेनचा. त्यांच्या तोंडावर जे पसरलं ते पाहून आम्हाला मॅच जिंकल्यासारखं वाटलं. मॅच आम्ही हरलो होतो.

मालकाचा एक हट्ट होता. मॅचच्या वेळी तो दुबईहून माझ्या मोबाइलवर फोन करायचा. फोन मी वरच्या खिशात ठेवायचो, एक तार कानात, आणि हातात माइक. म्हणजे मैदानाला आणि दुबईला एकाच तोंडानं कॉमेंटरी. मध्येच तो कानात विचारायचा, "लेफ्टले कोन हाये?" आणि मी भोंग्यावरून सांगायचो. प्रेक्षकांना वाटे, हा स्वतःशीच बोलतो.

खालाचीही एक गोष्ट होती. बॉल भिंतीपलीकडे गेला की तो तिच्या छपराच्या टिनावर धाडकन आपटून अंगणात पडे. भिंत उंच, तिच्यावर काचा रोवलेल्या. खालाच्यानं वरून फेकणं होत नसे. ती बॉल काखेत धरून, पदर सावरत, गल्लीतून वळसा घालून फाटकापर्यंत चालत येई. तोवर रेफरी घड्याळ थांबवी, लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत, बाहेरगावच्या टीमलाही हा नियम ठाऊक झाला होता. बॉल देताना ती विचारी, "मेरे बेटे की टीम कितने से है?" हरत असलो तरी आम्ही बरोबरीत आहोत म्हणून सांगायचो.

मग दुबईचे दिवस फिरले. मोठमोठ्या इमारती अर्ध्यात थांबल्याचं टीव्हीवर दाखवत होते. मालकाचे फोन आखूड झाले. एका वर्षी जर्स्या आल्या नाहीत. पुढे दिग्रसचा एक जण तिकडून परत आला, त्यानं सांगितलं की कंपनीच्या ऑफिसला कुलूप आहे आणि भागीदार कुठं गेला ते कुणाला माहीत नाही. झालं. भिंतीलगतच्या कडुलिंबाखाली रोज संध्याकाळी आमची परिषद भरायला लागली.

परिषदेत मुख्य माणसं तीन. एक एसटीतले निवृत्त कंडक्टरसाहेब. आयुष्यभर फुकटे प्रवासी पकडल्याचा त्यांना अभिमान, आणि माणूस चढतानाच मी ओळखतो हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरा आमचा मोटारसायकलवाला मिस्त्री. त्याच्या गॅरेजात डिश टीव्ही होता, आणि इंग्लंडातल्या एका निळ्या जर्सीवाल्या क्लबावर त्याचा जीव होता. हा क्लब वर्षानुवर्षं काहीच जिंकत नसे, म्हणूनच बहुतेक तो आमच्या मिस्त्रीला जवळचा वाटला. योगायोग असा की त्या क्लबाचा मालकही कुठल्या तरी तिसऱ्याच देशातला होता आणि तोही त्याच सुमारास बुडाला होता. मिस्त्री हातातला पाना नाचवत आम्हाला तिकडची हकीकत सांगे. मालक बुडाला तरी लोक मैदानात येतात, गाणी म्हणतात, क्लब काही मालकाच्या खिशात नसतो, वगैरे. तिसरे कृषी केंद्रवाले. बियाणं आणि औषधं विकणारा मोठा माणूस, स्वभावानं वाईट नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं की मी टीम घेतो. अट एकच: जर्सीच्या छातीवर त्यांच्या औषधाची जाहिरात, म्हणजे एक जाडजूड बोंडअळी आणि तिच्यावर लाल फुली.

यावर जी चर्चा झाली ती विधानसभेत झाली नसती. अळी छातीवर घेऊन पोरगा पळाला तर समोरचा बॅक हसेल की घाबरेल, इथपासून सुरुवात. शेतकऱ्याची पोरं आहेत, घरी जाऊन तीच अळी पुन्हा पाहायची का, हा चौकीदाराचा मुद्दा. अळी पाठीवर चालेल का, यावर कृषी केंद्रवाले एक दिवस विचार करून आले आणि म्हणाले, पाठीवर चालेल, पण मग मोठी पाहिजे.

त्याच दिवसांत शहरातून एक पत्रकार आला होता. कापसाच्या भागातली दुःखी माणसं शोधत तो गावोगाव फिरत होता. कडुलिंबाखाली आमचे पडलेले चेहरे पाहून त्यानं न विचारता फोटो काढले. आम्ही फुलसावंगीच्या टीमकडून भरपूर गोल खाऊन नुकतेच बसलो होतो. कंडक्टरसाहेबांनी त्याला बसवून घेतलं आणि रेफरीनं ऑफसाइड कसा खाल्ला ते खडे मांडून समजावून सांगितलं. बिचारा वहीत काही न लिहिता गेला. दुःख तर होतंच की घरोघर. पण ते विचारायला आलेल्या माणसाला आम्ही ते कधी दाखवलं नाही, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

असो. परिषदेत जुन्या मालकाविरुद्ध सगळ्यात जोरात बोलत ते कंडक्टरसाहेब. आवाज तर असा कमावलेला की बिनमाइकचा शेवटच्या सीटपर्यंत जाई. एका संध्याकाळी ते कडुलिंबाखाली उभे राहून म्हणाले, "तिकीट संपलं का उतरा लागते, बाप्पा. मंग तो माह्या घरचा असो का दुबईचा. नुस्तं नाव लावून सीट कायले अडवून ठेवता?"

मिस्त्रीनं इंग्लंडचा दाखला दिला. कंडक्टरसाहेब म्हणाले, इंग्लंडची एसटी वेगळी.

मला त्यांचा राग आला होता, तो आजही थोडा आहे. इंग्लंडातल्या मालकाची माय काही बॉल आणून देत नाही. इथं खाला होती. ही बातमी पसरल्यापासून ती फाटकात थांबायची नाही. बॉल चौकीदाराच्या हातात टेकवायची आणि पदर तोंडावर ओढून परत फिरायची. कितने से है, हे तिनं विचारणं बंद केलं. मालक बदलला असं भोंग्यावरून सांगायचं म्हणजे तिच्या अंगणात उभं राहून तिच्या पोराला बुडालेला म्हणायचं, आणि भोंगा माझा. पण परिषदेनं ठरवलं: फायनल झाली की बक्षिसाच्या वेळी मी नव्या मालकाचं नाव पुकारायचं. मी हो म्हणालो. नाही म्हणायला माझ्याकडे तरी कुठं जर्स्या होत्या?

सेमीफायनलला बऱ्याच दिवसांनी फोन आला. नंबर आपल्याकडचाच दिसत होता. मालक म्हणाला, आजकाल नेटवरून स्वस्तात लागते, त्यात असाच नंबर येते. तसे फोन इतरांनाही येत, म्हणून मी काही बोललो नाही. पण दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे माझाच भोंगा मला कानातल्या तारेतून ऐकू येत होता, तोही माझ्या खिशातून नाही, फोनच्या पलीकडच्या टोकाकडून. आणि दुसरी ही, की हाफटाइमला तो हळूच म्हणाला, "कंडक्टरसाहेबाले सांगजो, सीट अडवून नाई ठेवत म्हना मी."

हे वाक्य कडुलिंबाखाली आदल्या दिवशी बोललं गेलं होतं. दुबईला ते कुणी कळवलं? कुणीच नाही. मी भिंतीकडे पाहिलं. काचा, त्यामागे खालाचं टिन, आणि टिनाखाली आमचा फॉरेनचा मालक. तो परत आला होता आणि घरात लपून बसला होता. रोज संध्याकाळी आम्ही त्याच्याच भिंतीला पाठ टेकून, त्याच्या कानाशी, त्याला मालक ठेवायचं की नाही यावर भांडत होतो. मला फार वाईट वाटलं. सगळ्या गल्लीला पेढे वाटून गेलेला माणूस, त्यानं रिकाम्या हातानं कोणत्या तोंडानं फाटकातून यावं?

मी कुणालाच बोललो नाही. फायनलच्या सकाळी एक भोंगा मात्र भिंतीकडे तोंड करून बांधला. कंडक्टरसाहेबांनी विचारलं, तिकडं कोण ऐकणार? मी म्हटलं, वारा तिकडून आहे. मिस्त्री शिडी धरून उभा होता, तो माझ्याकडे न पाहता हसला. तेव्हा मला कळलं की त्यालाही ठाऊक आहे. पुढे त्यानं सांगितलं, खाला बाजारातून दाढीचं ब्लेड घेऊन त्याच्या गॅरेजवरून जाताना त्याला दिसली होती.

त्या फायनलचा निकाल आधीच सांगून टाकतो: आम्ही हरलो. समोर झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांची टीम होती. पोरं अनवाणी, आणि आपसात त्यांच्या कोलामी बोलीत बोलत, त्यामुळे त्यांचा डाव आम्हाला गोल झाल्यावरच कळायचा. लोक गच्च. कृषी केंद्रवाले पांढऱ्या कपड्यांत पहिल्या खुर्चीवर, मांडीवर हाराची पुडी. माझ्या खिशात फोन चालू, कानात मालक.

सेकंड हाफ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. झरीच्या बॅकनं बॉल जो लांब मारला तो सरळ भिंतीवरून गेला आणि धाडकन टिनावर आदळला. तो आवाज मला दोन्ही कानांत आला, एका कानात मैदानातून आणि दुसऱ्यात फोनमधून.

रेफरीनं घड्याळ थांबवलं, लोकांनी खर्ऱ्याच्या पुड्या काढल्या. वाट पाहिली. खाला येईना. तेव्हा कंडक्टरसाहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की खाला तर सकाळच्या गाडीनं वणीला लग्नाला गेली, मी स्वतः पाह्यलं, अंगणाच्या दाराला बाहेरून कुलूप आहे. दुसरा बॉल होता, तो पंक्चर, मिस्त्रीच्या गॅरेजात. आता भिंतीवर कोण चढणार यावर वाद सुरू झाला. झरीचा एक पोरगा तर अनवाणी पायानं कडुलिंबावरून जायला निघाला.

कानात मालक म्हणाला, "कोनाले चढू नको देऊ. काच हाये वर."

मी माइक बाजूला केला. भोंग्यावर जाऊ नये म्हणून फोन तोंडाशी धरला आणि विचारलं, "मंग बॉल कोन देईन, मालक?"

त्याचा श्वास ऐकू येत होता. मी पुन्हा विचारलं नाही. बॉल नाही मिळाला तर मॅच उद्यावर जाईल, आणि तो आणखी एक दिवस दुबईत राहील. त्याचं त्यानं ठरवायचं होतं. मला एवढंच वाटत होतं की त्यानं तो द्यावा.

भिंतीपलीकडे धप् असा आवाज झाला. बॉल वर आला. खालून फिरत, काचांच्या वरून, कडुलिंबाच्या शेंड्याला लागून, आणि मैदानाच्या मध्यात, रेफरीच्या पुढ्यात येऊन पडला.

झरीच्या पोरांना काही कळलं नाही, पण आमच्यातल्या म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना कळलं. तसा बॉल मारणारा पाय आमच्या गावात एकच होता. मी कंडक्टरसाहेबांकडे पाहिलं. माणूस चढतानाच ओळखणारे आमचे कंडक्टरसाहेब, पण भिंतीपलीकडचा माणूस त्यांना इतके दिवस ओळखता आला नव्हता. ते भिंतीकडे पाहत राहिले. मग कडुलिंबाकडे. आपण तिथं उभे राहून काय काय बोललो ते एकेक आठवत असावं, कारण त्यांचा चेहरा उतरत उतरत पार गळ्यात आला. मग ते उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या हातातला माइक काढून घेतला. या माणसाच्या तोंडी माइक म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

ते म्हणाले, "ध्यान द्या. दुबईहून बॉल आला हाये. कोनी हसू नका. टाळ्या वाजवा."

आधी मिस्त्रीनं वाजवल्या, मग सगळ्यांनी. झरीच्या पोरांनीही वाजवल्या, आपल्याकडे बॉल परत आला की टाळ्या वाजवायची पद्धत असेल असं समजून. कृषी केंद्रवाल्यांनी हाराची पुडी खुर्चीखाली सरकवली. तो हार पुढे त्यांनीच झरीच्या कॅप्टनच्या गळ्यात घातला, आणि बोंडअळी कायमची वाचली.

पण मालक बाहेर येणार कसा? कुलूप बाहेरून, किल्ली वणीला. मिस्त्री शिडी घेऊन धावला, चौकीदारानं जिनिंगच्या बंद गोदामातून कापूस भरायचं जुनं गोणपाटाचं बारदान काढून आणलं. कंडक्टरसाहेबांनी ते कुणाला हात लावू दिलं नाही. या वयात स्वतः शिडीवर चढले, बारदानाच्या घड्या करून काचांवर अंथरल्या, वरून हात फिरवून पाहिला, आणि खाली उतरून मिस्त्रीच्या हातानं शिडी भिंतीवरून पलीकडे सोडली. मैदान सगळं थांबलेलं. मी कॉमेंटरी विसरलो होतो.

भिंतीवर आधी हात दिसला, मग डोकं. अंगात पहिल्या वर्षीची जर्सी, खाली लुंगी. वर येऊन तो बारदानावर बसला तो बसलाच. समोर एवढे लोक पाहून त्याच्यानं पुढं होईना. फोन अजून त्याच्या कानाला होता. माझ्या कानात त्याचा आवाज आला, आणि समोरूनही तोच आला.

"साहेब, माह्याजवळ काहीच नाई राह्यलं."

कंडक्टरसाहेब खाली उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"तुले कोनं मांगतलं? फोन ठेव अन् उतर. लेफ्टले कोनीच नाई आपल्याकडे."